आपल्याच पाण्याची वीज

पुण्यात इस्पितळाच्या फाटकाबाहेर, शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला, माझ्या खांद्यावर हात पडला आणि मी दचकलो. एवढंच झालं. पिरंगुटच्या घाटात बिबट्यानं ज्याच्याकडे तंबाखू मागितली आणि ज्यानं चुना संपलाय म्हणून त्याला परत पाठवला, तो माणूस एका हाताच्या वजनानं दचकला, हे गावात कुणाला पटलं नसतं. पण दचकलो. कारण हात ओळखीचा होता. वळून बघायच्या आधीच तो कुणाचा ते मला कळलं, आणि माझा स्वतःचा हात आपोआप कपाळाकडे गेला. कपाळावर, दोन्ही भुवयांच्या वर, बत्ताशाएवढे दोन लाल डाग होते. तासाभरात ते जायचे. त्या तासाभरात मी रोज कुठल्याशा झाडाखाली, डोक्याला टॉवेल बांधून, ऊन लागल्यासारखा बसून राहायचो. त्या दिवशी बसलो नाही. त्या दिवशी मला भूक लागली होती, आणि भूक लागली याचाच मला इतका आनंद झाला होता, की मी टॉवेल बांधायचा विसरलो.

हात नथूचा होता. नथू आमच्या माले गावचाच, नांगराचा फाळ घ्यायला आलेला. फाळ खांद्यावर तसाच, कागदात गुंडाळलेला. त्यानं आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग माझ्यामागच्या फाटकाकडे, मग फाटकावरच्या पाटीकडे. नथूला वाचता येत नाही, पण त्या पाटीचा अर्थ सगळ्या पुणे जिल्ह्याला न वाचता येतो.

“तात्या,” तो हळूच म्हणाला, “हितं तर डोकं फिरलेल्यांना आनत्यात. तुमी कसं हितं?”

मी थापाड्या माणूस. चाळीस वर्षं भैरूच्या हॉटेलात बाकाच्या एका टोकाला माझी जागा ठरलेली, आणि माझं सुरू झालं की भैरू चहाचं आधण मंद करायचा, म्हणजे फुरफुर नको. असा माणूस नथूला दोन शब्दांत वाटेला लावू शकला नसता का? पण खरं सांगतो, मागचे अकरा महिने माझ्यात एकही थाप नव्हती. ते कसं झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही. मागल्या वर्षी भात झोडून झालं, दिवाळी सरली, आणि एका सकाळी हॉटेलात कुणीतरी म्हणालं, हं, गेणबा, होऊ द्या. मी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. रिकामं म्हणावं तर तसंही नाही. ओल्या मातीनं भरल्यासारखं होतं, आणि जीभ त्या मातीत रुतलेली. मंडळी थांबली, कुणी हसलं, त्यांना वाटलं हासुद्धा डावच असणार. चहाचा ग्लास हातात गार झाला आणि त्यावर साय आली. ती साय बघत मी किती वेळ बसलो ते ठाऊक नाही. घरी आलो आणि आडवा झालो. मग उठायचं कारणच सापडेना. बायको, आमची रत्नाबाई, वारून सहा वर्षं झालेली, तिचं दुःख म्हणावं तर ते जुनं होतं, ओळखीचं होतं, त्याच्याशी माझं बरं चाललं होतं. हे दुसरंच काही होतं. भाकरी चावताना लाकडाचा भुस्सा चावल्यासारखं वाटे. कुणी हाक मारली तर ती दूरच्या शेतातून दुसऱ्याला मारल्यासारखी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लोकांना सांगायला एक खोटं कारणही सुचेना. ज्याच्याकडे खोटंही उरलं नाही त्यानं कुठं जावं?

लेकीनं नेलं. जया पुण्याला नाना पेठेत दिलेली, एका खोलीचा संसार. ती भाताच्या पेंढ्यासारखी मला उचलूनच घेऊन गेली म्हणा. गावात सांगितलं, जावयाच्या लाकडाच्या वखारीत हिशोबाला माणूस हवाय. मला हिशोब येत नाही हे सगळ्यांना माहीत, पण वखारीचं ऐकून कुणी पुढं विचारलं नाही. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरानं माझ्या डोळ्यांत बघत विचारलं की मरावंसं वाटतं का. मी म्हणालो, तेवढं कष्टाचं काम आता होणार नाही. तो हसला नाही. म्हणाला, नव्यानं एक उपचार करून बघतोय, झटके नाहीत, बेशुद्धी नाही, इतका बारीक प्रवाह की मुंगीसुद्धा मरायची नाही. मग सिस्टर लीलाबाईंनी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या दोन चकत्या माझ्या भुवयांवर ठेवल्या, पट्टीनं बांधल्या, आणि तिसरी चकती गुडघ्यावर. कपाळ आणि गुडघा! मी म्हणालो, बाई, दुखतंय तिथं आणि नाही तिथंही लावताय. त्यांनी सांगितलं, वीज इथून शिरते आणि तिथून निघते, तिला वाट पाहिजे. टेबलावर चपलेच्या डब्याएवढी पेटी, तिच्यावर थरथरणारा काटा, आणि आत हातातल्या बॅटरीत घालतो तसले सेल. मिठाचं पाणी ओघळून डोळ्यात जायचं. कपाळाला मुंग्या आल्यासारखी खाज सुटायची. जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव यायची. रोज दोन तास असाच बसायचो आणि लीलाबाई शेजारी बसून लोकर विणायच्या. काही होत नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरही माझ्यासारखाच दिसतोय, फक्त त्याच्याकडे पेटी आहे.

आणि बाराव्या की तेराव्या दिवशी जयाच्या खोलीत पडलो असताना मला फोडणीचा वास आला. लसणीचा. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. मी तसाच पडून राहिलो, हललो तर जाईल म्हणून. कुशीवर वळलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो, आणि जया मागून म्हणाली, बाबा, मिरची लागली का? मी म्हणालो, हो. अकरा महिन्यांत मी मारलेली ती पहिली थाप. चांगलं लक्षण होतं, मला तेव्हा कळलं नाही.

हे सगळं नथूला सांगायचं होतं. सांगण्यासारखं होतं. पण त्याच्या डोळ्यांत ते फाटक दिसत होतं, आणि फाटकाच्या आत मी. उद्या भैरूच्या हॉटेलात माझी बाकावरची जागा तशीच राहील, पण आधण मंद होणार नाही. लोक माझ्याशी हळू बोलतील. लहान पोराशी किंवा गाभण म्हशीशी बोलतात तसं. शरम कशी येते? मला ती पायांकडून वर आली. गुडघ्यावर चकतीची ओल अजून होती, धोतराला तिथं ओला डाग पडला होता. नथूनं तो बघितला असेल आणि त्याचा काय अर्थ लावला असेल, या विचारानं माझे कान तापले. आणि नेमकी तेव्हा थाप आली. अकरा महिने मातीखाली पडलेली, आता मोड फुटलेली, अख्खीच्या अख्खी.

मी म्हणालो, “नथ्या, हळू बोल. आत आपल्याच पाण्याची वीज हाय.”

तो फाळ खाली ठेवून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. काय सांगू तुम्हाला! अकरा महिन्यांनी एक माणूस माझ्यापुढं उकिडवा बसला.

माझे उपचार त्या दिवशी संपले होते, मी नथूबरोबरच गावाला निघालो. पौडच्या गाडीत बसेपर्यंत थाप हातभर झाली होती, आणि संध्याकाळी भैरूच्या हॉटेलात पोहोचली तेव्हा अंगाबाहेर गेली. मालेला अजून कंदील जळतात हे तुम्हाला सांगितलं पाहिजे, म्हणजे गंमत कळेल. आमच्या खोऱ्यातली बावन्न की किती गावं पाण्याखाली गेली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पाणी अडलं, बोगद्यातून डोंगराखाली गेलं, त्याची वीज झाली आणि ती मुंबईला पोचली. आमच्याकडे राहिलं ते नुसतं पाणी. उन्हाळ्यात ते उतरतं तेव्हा जुन्या जोत्यांचे दगड, विहिरींचे कठडे वर येतात. म्हातारी माणसं काठावर जाऊन बघतात, आपलं कुठलं ते बोटानं दाखवतात आणि परत येतात. तर मी सांगितलं की वीज म्हणजे काय, पाण्याचाच काढा. पाणी ज्याच्यावर बसलंय त्याचा अर्क त्यात उतरणारच. देवळाची घंटा, जाती, उखळं, उंबरे, सगळं तारेतून जातं. मुंबईवाल्यांना कळत नाही, त्यांच्या गिरण्यांत नुसते मागाचे धोटे फिरतात. पण पुण्याच्या डॉक्टरानं शोध लावला की ती तार आपल्या खोऱ्यातल्या माणसाच्या कपाळाला लावली की त्याला आतलं दिसतं. त्याला हवा होता जुन्या गावचा माणूस, त्यानं माझी जयाकडे मागणी घातली. लावली तार. आणि काय सांगू, मी आमच्या आळीत उभा! तुळजाबाईचं जातं आपोआप फिरतंय. आमचा बाप ओट्यावर बसून विचारतोय, गेण्या, घराला कुलूप लावलंस का? भैरूनं आधण उतरवूनच ठेवलं. मी म्हणालो, जायला सोपं आहे, यायला अवघड. अर्धी माणसं तिथंच राहतात. बाहेर त्यांचं शरीर उठून चहा पितं, पण माणूस आळीतच.

आणि समोर, चुलीजवळच्या बाकावर, कोंडाजी बसला होता.

कोंडाजी माझा जुन्या गावचा. एका वर्षाचे दोघं, त्याच्या घराच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एकच कूड. गाव सोडायच्या आधीच्या महिन्यात त्याची बहीण तापानं गेली, बानू, पाच वर्षांची. लहान पोरांना पुरतात. ओढ्याच्या काठाला, करंजाखाली पुरली. त्याचा बाप आणि तो, आणि त्याच्याबरोबर म्हणून मी. पुढच्या पावसाळ्यात ओढा, करंज आणि सगळंच पाण्यात गेलं. कोंडाजीनं आयुष्यात तिचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. त्या साली मृगापासून तोही बसल्या जागी बसू लागला होता, हे मला येता-जाता कानावर आलं होतं, पण स्वतः मातीत रुतलेल्या माणसाला दुसऱ्याची माती दिसत नाही. त्या संध्याकाळी साळूवहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मुद्दाम त्याला हॉटेलात पाठवलं होतं. गेणबा आलाय म्हणे, जरा हसून या.

तो हसत नव्हता. ऐकत होता. असा श्रोता मला जन्मात मिळाला नाही. हातातला ग्लास कलला होता, चहा थेंबाथेंबानं धोतरावर पडत होता आणि त्याला कळत नव्हतं. बाकीचे मांड्या थोपटत होते, त्यांना ठाऊक होतं हे काय आहे. कोंडाजीला ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडावर प्रत्येक शब्द उमटत होता, ओल्या सारवणावर कोंबडीची नखं उमटावीत तसा. अकरा महिन्यांनी माझी जीभ चालत होती आणि ती कशी चालते हे मला त्याच्या तोंडावर वाचता येत होतं. मी थांबायला हवं होतं, हे मला कळलं नाही का? मी हे स्वतःला खूपदा विचारलं आहे. मला कळलं होतं. आणि मी त्याच्याकडे बघत बघत म्हणालो, “ओढ्याकाठी पुरलेली पोरंसुदिक उठून येत्यात. हात धरत्यात. सोडत न्हाईत.”

मंडळी दचकली, मग एकदम हसली. भैरू म्हणाला, गेणबा परत आला. मलाही तसंच वाटलं. घरी जाताना मी शीळ घातली, हेही सांगून टाकतो.

रविवारी सकाळी साळूवहिनी अंगणात उभी. ती माझ्या अंगणात कधी एकटी आली नव्हती. पदर दोन्ही खांद्यांवर, हातात काही नाही. बस म्हटलं तर बसली नाही. पौडच्या डॉक्टरानं चिठ्ठी दिली होती, ती म्हणाली, पुण्याच्या इस्पितळात दाखवा म्हणून. पंधरा दिवस समजावल्यावर कोंडाजीनं एकदाची मान हलवली होती. मंगळवारची गाडी ठरली होती. कालपासून गोठ्यातला खांब मिठी मारून धरलाय. इस्पितळाचं नाव काढलं की थरथरतात. बानू-बानू करत्यात. बानू कोण हे लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईला काल कळलं.

“भावजी, काल तुमी ह्यांना काय सांगितलंत?”

मी म्हणालो, गंमत.  ती खालच्या आवाजात म्हणाली, “आमच्या म्हशी आठ दिवस मोकळ्याच हायेत. तुमी बघितल्या असतील भातखाचरात. मी दावी लपीवलीत. सगळी. चऱ्हाट, कासरा, इहिरीचा दोर. पाणी शेजारनं आनतीया. का, ते इच्यारू नका.”

मी विचारलं नाही. म्हशी मी बघितल्या होत्या. शनिवारी गाडीतून उतरताना बघून हसलोही होतो, की कोंडाजीच्या म्हशींना स्वराज्य मिळालं.

मला वाटलं, जिथं सांडलं तिथंच पुसावं. हॉटेलात गेलो. रविवार म्हणून सगळी होती. मी बाकावर बसलो नाही, उभ्यानंच बोललो. म्हणालो, कालचं खोटं. मला वेड्यांच्या इस्पितळात नेलं होतं, कारण मला अकरा महिने जगावंसं वाटत नव्हतं. तिथं बॅटरीचे सेल असतात, मिठाच्या पाण्याचं फडकं असतं, एक चकती गुडघ्याला लावतात. बाई शेजारी लोकर विणते. आणि मला लसणीचा वास आला, म्हणून मी बरा झालो.  मग नथूनं मांडीवर थाप मारली. गुडघ्याला! डोकं फिरलंय आन् चकती गुडघ्याला! हॉटेल असं हसलं की चुलीजवळचं मांजर उठून गेलं. भैरूनं डोळे पुसले आणि माझ्यापुढं चहा ठेवला, वर म्हणाला, कालच्यापेक्षा ही भारी. मी तो चहा प्यायलो. काय करणार? त्यांनी मला जागा करून दिली होती आणि मी बसलो. चाळीस वर्षं मी या माणसांना जे शिकवलं ते ती नीट शिकली होती.

गोठ्यात म्हशी नसल्या की गोठा फार मोठा वाटतो. कोंडाजी खांबाला पाठ टेकून बसला होता, पाय पुढं पसरून, तळव्यांना शेण सुकलेलं. दाढी वाढलेली. मी समोर बसलो. साळूवहिनी दारात. गोठ्याबाहेर कुठंतरी एक म्हैस ओरडली, बांधून घ्या म्हणत असावी, सवय असते. मी सुरुवात केली आणि माझी जीभ परत रुतली. पण आता मी थांबलो नाही. मी कसं सांगितलं ते सांगतो: मला नीट सांगता आलं नाही. आधीचं नंतर सांगितलं, नंतरचं आधी. किती दिवस झाले ते तीनदा चुकलो. चहावरची साय सांगताना रडू आलं आणि त्या सायीत रडण्यासारखं काय ते त्याला कळेल असं सांगताच येईना. मी डॉक्टरचं नाव विसरलो. कपाळ दाखवलं, तर रविवारी तिथं डाग नव्हता. धोतर वर करून गुडघा दाखवला, तिथंही काही नव्हतं. साठीला आलेला माणूस गोठ्यात गुडघा उघडा टाकून बसला होता. म्हणालो, कोंड्या, तिथं काही दिसत नाही. काही म्हणजे काही दिसत नाही. सेलात पाणी नसतं.

साळूवहिनी दारातून म्हणाली, “भावजी, आज तुमच्या सांगन्यात कुटंच मजा न्हाई.”

झालं, मला वाटलं. मान खाली घातली. तिची पावलं आत घरात गेली, पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला, झाकण उघडल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धुतलेलं धोतर आणि कोंडाजीची कोपरी होती, आणि ती उंबऱ्यावर बसून त्यांच्या घड्या घालू लागली, मंगळवारच्या गाडीसाठी.

कोंडाजी तिच्या हातातल्या घड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, कधीपास्नं होतं तुला? मी म्हणालो, दिवाळीपासून. तो म्हणाला, जुन्या गावात आपल्या मधे एकच कूड होता, तुला मला सांगायला काय झालं होतं? मी म्हणालो, लाज वाटली. त्यानं मान हलवली, हे त्याला पटलं, हे त्याच्याही ओळखीचं होतं. मी जरा सुटलो. उठायला जमिनीवर हात टेकले. आणि मग तो खांबाकडे बघत म्हणाला, राग नव्हता, नुसतं आठवल्यासारखं:

“पोरांचं सांगताना तू माझ्याकडंच बघत व्हतास, गेण्या.”

आयुष्यात मला कुणी अडवलं नव्हतं असं नाही. तलाठ्यानं अडवलं, फौजदारानं अडवलं, एकदा तर मयताच्या भावानं प्रेतयात्रेत अडवलं, आणि प्रत्येक वेळी मी बोलून सुटलो. इथंही दोन-तीन वाटा चटकन दिसल्या. कंदिलाचा उजेड तुझ्यावर होता म्हणून. मला अंधुक दिसतं म्हणून. त्या नुसत्या दिसल्या याचीच मला किळस आली. बरा झालो होतो, यात शंका नव्हती.

“व्हय,” मी म्हणालो. “बघत व्हतो.”

 जाताना साळूवहिनीनं मला पाणी दिलं, शेजारून आणलेलं.

मंगळवारी गाडीत मी त्यांच्यासोबत होतो. नथू मागच्या सीटवर होता, त्यानं विचारलं, कुटं निघालात तिघं? मी म्हणालो, डोक्याच्या इस्पितळात. गाडी हसली. मी हसू दिलं. लीलाबाईंनी कोंडाजीला खुर्चीत बसवलं, फडकी पिळली, चकत्या ठेवल्या, पट्टी बांधली. मिठाचं पाणी त्याच्या भुवईतून गालावर आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. खुर्चीचे हात त्यानं खांबासारखे धरले होते. लीलाबाईंनी पेटीच्या खटक्यावर बोट ठेवलं तसा तो म्हणाला, थांबा. मग माझ्याकडे मान वळवली, पट्टी सरकली.

“बानू दिसंल का रं?”

“न्हाई,” मी म्हणालो. “खाज सुटंल. तोंडात तांब्याची चव येईल. दुसरं काय न्हाई.”

त्यानं डोळे मिटले. खटका पडला, काटा थरथरला आणि एका जागी थांबला. लीलाबाईंनी लोकर काढली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी त्याच्या हातांकडे बघत होतो, खुर्चीवरची पकड कधी सैल होते ते. खूप वेळानं एक बोट सुटलं, आणि त्या बोटानं तो हळूच पट्टीच्या कडेला खाजवू लागला.

“सुटली,” तो म्हणाला. “खाज सुटली, गेण्या.”

पन्नास वर्षांत मी त्याला सांगितलेली ही पहिली गोष्ट, जी जशीच्या तशी खरी निघाली. त्यानं डोळे उघडून ते मला सांगितलं, माझ्याकडे बघून. माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना.